शितावरून भाताची परीक्षा : पण शिते किती?

शितावरून भाताची परीक्षा होते, अशी आपल्याकडे जुनी म्हण आहे. घरची गृहिणी पातेल्यातील एक शीत उचलते, बोटांत दाबून पाहते आणि भात झाला की नाही हे सांगते. तिचे अनुमान सहसा चुकत नाही. ह्याचे कारण उघड आहे. पातेल्यातील सर्व तांदूळ एकाच पाण्यात, एकाच आचेवर आणि एकाच वेळी शिजलेला असतो. एक शीत शिजले असेल तर शेजारचेही शिजलेलेच असणार.

हीच म्हण आपण बियाण्याच्या राशीस किंवा कपाशीच्या बोंडांस लावू लागलो की मात्र फसगत होते. राशीतील एक दाणा उगवला म्हणून शेजारचा उगवेलच असे नाही. एक बोंड निरोगी निघाले म्हणून दुसऱ्यात अळी नाहीच असेही नाही. येथे प्रत्येक दाण्याची व प्रत्येक बोंडाची गत निराळी असते. म्हणून शिते किती घ्यावयाची आणि त्यांवरून किती विश्वासाने बोलावयाचे, हा प्रश्न उभा राहतो. तो केवळ पुस्तकी नाही. त्यावर शेतकऱ्याचे बियाणे, फवारणीचा खर्च आणि पुष्कळदा आपल्या खात्याची पतही अवलंबून असते.

प्रस्तुत लेखकाचे मत असे आहे की, गावपातळीवर काम करणाऱ्या आपणां सर्वांस सरासरी काढण्याची सवय लागली आहे. पण ती सरासरी कितपत डोलते हे सांगण्याची सवय लागलेली नाही. ही उणीव दूर केली पाहिजे, आणि ती दूर करणे वाटते तितके अवघड नाही.

दोन भावांची रास

माझ्या नोकरीच्या दुसऱ्या वर्षी घडलेला एक प्रसंग सांगतो. त्यात चूक माझीच होती. एका गावी दोन भाऊ नुकतेच विभक्त झाले होते. घरच्या सोयाबीनची एकच रास त्यांनी निम्मी-निम्मी वाटून घेतली होती. पेरणीपूर्वी घरच्या बियाण्याची उगवणशक्ती पाहावी, असे मी सभेत सांगितले होते. सोपे पडावे म्हणून ‘दहा दाणे ओल्या फडक्यात घालून पाहा, म्हणजे कळेल’ असेही मी बोलून गेलो.

आठ दिवसांनी थोरल्या भावाचे दहापैकी नऊ दाणे उगवले आणि धाकट्याचे पाच. धाकटा माझ्याकडे आला तो रागानेच. “साहेब, दादानं वाटणीत चांगला माल वर काढून घेतला. माझ्या वाट्याला तळाचं आलं. आता मी काय पेरू?” थोरला म्हणाला, “आईच्या देखत मापानं वाटलं आहे. मी कशाला असं करू?” घरातील म्हातारी दोघांकडे पाहून नुसती गप्प बसून होती. धाकटा विकतचे बियाणे आणण्यासाठी घरातील दोन शेळ्या बाजारात नेण्याच्या तयारीत होता.

मी दोघांच्या पोत्यांतून निरनिराळ्या ठिकाणचे दोन-दोनशे दाणे मोजून घेतले आणि ओल्या गोणपाटावर मांडून स्वतः देखरेख ठेवली. थोरल्याचे १४३ उगवले आणि धाकट्याचे १४१. रास एकच होती, बियाणे एकच होते, वाटणी चोख होती. खोटी होती ती माझी दहा दाण्यांची परीक्षा. शेळ्या घरी राहिल्या. परंतु ते आठ दिवस त्या घरात जे बोलणे झाले, ते काही परत घेता आले नाही.

कृषी महाविद्यालयात मी संख्याशास्त्र शिकलो होतो. नाणी, फासे आणि रंगीत चेंडूंची उदाहरणे पाठ करून परीक्षाही उत्तीर्ण झालो होतो. पण तेच गणित धाकट्या भावाच्या फडक्यात गुंडाळलेले आहे, हे मला त्या दिवसापर्यंत उमगले नव्हते.

दाण्यांचा हिशेब

ते गणित आता शेताच्या भाषेत मांडू. समजा, बियाण्याची खरी उगवण ७० टक्के आहे आणि आपण सोयाबीनची टोकण करीत आहोत. प्रत्येक जागी दोन दाणे टाकले आहेत. अशा एक हजार जागा डोळ्यांपुढे आणा.

पहिला दाणा हजारांपैकी सुमारे ७०० जागी उगवेल आणि ३०० जागी उगवणार नाही. ज्या ७०० जागी पहिला उगवला, तेथे दुसऱ्याचाही तोच नियम; म्हणजे ४९० जागी दुसराही उगवेल व २१० जागी उगवणार नाही. ज्या ३०० जागी पहिला दाणा वाया गेला, तेथे दुसरा २१० जागी उगवेल व ९० जागी तोही वाया जाईल. आता बेरीज करा. दोन रोपे असलेल्या जागा ४९०, एकच रोप असलेल्या ४२०, आणि अगदी रिकाम्या ९०. एकूण एक हजार.

तिसरा दाणा टाकला तर काय होईल? रिकाम्या ९० जागांपैकी ६३ जागी तो उगवेल आणि नांगे २७ वर येतील. एका दाण्याने नांगे ३००, दोन दाण्यांनी ९०, तीन दाण्यांनी २७. दुसऱ्या दाण्याने २१० जागा वाचविल्या. तिसऱ्याने फक्त ६३. तिसरा दाणा टाकावा की न टाकता पुढे नांगे भरावेत, हे शेतकऱ्याने बियाण्याची किंमत व मजुरी पाहून ठरवावे. पण हे आकडे पुढे असल्यावाचून तो काय ठरविणार? आणि बियाणे ८५ टक्के उगवणारे असेल, तर दोन दाण्यांतच हजारी रिकाम्या जागा सुमारे २२ राहतात. तेथे तिसरा दाणा टाकणे म्हणजे उधळपट्टीच होय.

वर आपण जे केले, त्यास संख्याशास्त्रात द्विपद वितरण म्हणतात. दाणा उगवतो किंवा उगवत नाही, बोंडात अळी असते किंवा नसते, अशी दोनच फळे जेथे संभवतात, तेथे हे वितरण लागू पडते. अडीच दाणे कधी उगवत नाहीत. शून्य, एक, दोन, तीन असे सुटे अंकच मिळतात. त्यांपैकी प्रत्येक अंक शंभरात किती वेळा पडेल, त्याची यादी म्हणजेच संभाव्यता-वितरण. त्या सर्व वाट्यांची बेरीज नेहमी पूर्ण शंभर भरली पाहिजे. ती भरली नाही तर हिशेबात कोठेतरी चूक आहे, हे ओळखावे. स्वित्झर्लंडमधील गणिती याकोब बर्नुली ह्याने ह्या विचाराची मांडणी केली. त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १७१३ साली प्रसिद्ध झाला.

दहा, शंभर की चारशे?

आता दोन भावांच्या दहा दाण्यांकडे परत येऊ. बियाणे ७० टक्के उगवणारे असताना दहापैकी नेमके सातच दाणे उगवतील, असे आपण मनाशी धरतो. हिशेब पाहिला तर असे शंभरांत फक्त २७ वेळा घडते. आठ दाणे २३ वेळा उगवतील आणि सहा दाणे २० वेळा. नऊ किंवा दहा दाणे १५ वेळा उगवतील, आणि पाच किंवा त्याहून कमी दाणेही १५ वेळाच. म्हणजे त्याच चांगल्या राशीतून दहा-दहा दाणे घेणाऱ्या शंभर शेतकऱ्यांपैकी पंधरांना आपले बियाणे उत्तम वाटेल आणि पंधरांना ते टाकाऊ वाटेल. दोघांनी एकाच राशीतून दहा-दहा दाणे घेतले, तर त्यांच्यात चार किंवा अधिक दाण्यांचा फरक पडणे शंभर जोड्यांत सुमारे आठ वेळा घडेल. ज्या गावात शंभर घरे विभागली गेली असतील, तेथे आठ घरांत विनाकारण भांडण लावण्यास एवढे पुरेसे आहे!

शंभर दाणे घेतल्यास चित्र सुधारते. ७० टक्क्यांच्या राशीतून शंभर दाण्यांची परीक्षा केली, तर शंभरांत सुमारे ९५ वेळा उत्तर ६१ ते ७९ ह्यांच्या दरम्यान येईल. चारशे दाणे घेतल्यास तितक्याच वेळा ते २६२ ते २९८ ह्यांच्या दरम्यान, म्हणजे ६५½ ते ७४½ टक्के येईल. बीजपरीक्षण प्रयोगशाळेत शंभर-शंभरांच्या चार गटांत चारशे दाणे का लावतात, ह्याचे उत्तर येथे मिळते.

ह्यात एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. दाणे चौपट केले, पण अनिश्चितता निम्मीच झाली. ती आणखी निम्मी करावयाची तर सोळाशे दाणे लागतील. म्हणून दहावर थांबणे जसे चुकीचे, तसे हजारांच्या मागे धावणेही शहाणपणाचे नाही. गावपातळीवर चारशे ही संख्या श्रम व लाभ ह्यांचा मेळ घालणारी आहे, असे मला वाटते. अगदीच अडचण असेल तर शंभरांच्या खाली मात्र कोणी जाऊ नये.

ह्याचा पैशात अर्थ काय? सोयाबीनचे बियाणे हेक्टरी ७५ किलो लागते असे धरू. ते ७० टक्के उगवणीसाठी आहे. उगवण कमी भरल्यास त्या प्रमाणात बियाणे वाढवावे लागते. म्हणजे ६० टक्के उगवण असेल तर साडेसत्याऐंशी किलो. परंतु शंभर दाण्यांपैकी ६० उगवले, ह्याचा अर्थ खरी उगवण साधारणतः ५० ते ७० टक्क्यांच्या दरम्यान कोठेही असू शकते. ५० असेल तर १०५ किलो बियाणे पाहिजे. ७० असेल तर ७५ किलो पुरे. हा तीस किलोंचा फरक आहे. चारशे दाण्यांवरून ६० टक्के आली असती, तर पल्ला ५५ ते ६५ एवढाच राहिला असता आणि फरक सुमारे पंधरा किलोंवर आला असता. तीन गोणपाटे व थोडे पाणी एवढ्या जादा खर्चात हे साधते.

आणखी एक इशारा. सोयाबीनच्या प्रमाणित बियाण्यासाठी किमान ७० टक्के उगवणीची मर्यादा आहे. परंतु नेमक्या ७० टक्क्यांच्या बियाण्याची शंभर दाण्यांवर परीक्षा केली, तर शंभरांत ४५ वेळा उत्तर ६९ किंवा त्याहून कमीच येईल. म्हणून ६८ दाणे उगवले एवढ्यावरून बियाणे नापास ठरविण्याची, किंवा ७२ उगवले म्हणून निःशंक होण्याची घाई करू नये. अशा काठावरच्या वेळी परीक्षा पुन्हा करावी.

सरासरी एक, चित्रे दोन

येथवर वितरणाचा उपयोग आपण पेरणीपूर्वी केला. माझ्या मते त्याचा अधिक मोलाचा उपयोग पेरणीनंतर, तक्रारीच्या वेळी आहे.

२०१९ च्या हंगामात सोयाबीन काढणीच्या सुमारास अवकाळी पाऊस झाला आणि बियाण्याचा दर्जा ढासळला. पुढे २०२० च्या खरिपात सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारी मराठवाड्यात व विदर्भात फार मोठ्या प्रमाणावर आल्या. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्यांची आपण होऊन दखल घेतली. अशा प्रत्येक तक्रारीत एकच वाद असतो. शेतकरी म्हणतो, बियाणे वाईट. विकणारा म्हणतो, पेरणी खोल झाली, ओल नव्हती, जमीन कडक झाली. पंचनामा करणारा शेतात जातो, उगवलेली रोपे मोजतो, सरासरी टक्केवारी लिहितो आणि परत येतो. वाद जेथल्या तेथे राहतो.

सरासरी येथे मुकी आहे. वितरण मात्र बोलते. समजा, दोन शेतांत प्रत्येकी शंभर जागी दोन-दोन दाणे टोकले आहेत आणि दोन्हीकडे दोनशेपैकी शंभरच दाणे उगवले. दोन्हींची सरासरी उगवण ५० टक्केच. आता जागा मोजा. पहिल्या शेतात दोन रोपांच्या जागा २४, एका रोपाच्या ५२ व रिकाम्या २४ आहेत. दुसऱ्या शेतात दोन रोपांच्या ४५, एका रोपाच्या १० व रिकाम्या ४५ आहेत.

बियाण्याची उगवणच ५० टक्के असती आणि प्रत्येक दाणा आपापल्या नशिबाने उगवला वा मेला असता, तर २५, ५० व २५ असे वितरण मिळावयास हवे होते. पहिले शेत त्या वितरणाशी अगदी जुळते. तेथे संशयाची सुई बियाण्याकडे वळते. दुसऱ्या शेतात मात्र दोन्ही दाणे एकदम जगले किंवा एकदम मेले आहेत. म्हणजे तेथे दाणा एकटा मेला नाही, जागाच मेली आहे. असे असेल तर पेरणीची खोली, ओलीचा अभाव, पावसाने कडक झालेला वरचा थर, पाणी साचलेला भाग अशी कारणे आधी शोधावीत. रिकाम्या जागा सलग पट्ट्यात आहेत की विखुरलेल्या आहेत, हेही कागदावर मांडून पाहावे.

हा निर्णायक पुरावा आहे असे मी म्हणत नाही. दोन निरनिराळ्या पिशव्यांतील बियाणे पेरले गेले असेल, तर बियाण्याच्या दोषानेही पट्टे दिसू शकतात. म्हणून कोणत्या ओळीत कोणती पिशवी पेरली हे विचारले पाहिजे आणि शिल्लक बियाण्याची परीक्षा तर झालीच पाहिजे. परंतु पंचनाम्यात केवळ ‘उगवण ५० टक्के’ असे लिहिणे म्हणजे हातचा साक्षीदार न विचारता परत पाठविणे होय. न्याय मागणाऱ्या शेतकऱ्यावर तो अन्याय आहे, आणि निर्दोष विक्रेत्यावरही.

बोंडे फोडताना

कपाशीवरील गुलाबी बोंडअळीसाठी आपण शेतातील वीस झाडांवरील वीस हिरवी बोंडे फोडून पाहण्यास सांगतो. दोन बोंडांत प्रादुर्भाव आढळल्यास, म्हणजे दहा टक्के भरल्यास, आर्थिक नुकसानीची पातळी गाठली असे धरतो. शिफारस सुटसुटीत आहे. तरीही तिच्या मागचा हिशेब आपण जाणून घेतला पाहिजे.

शेतातील खरा प्रादुर्भाव नेमका दहा टक्के असता, वीस बोंडांत एकही किडके बोंड न मिळणे शंभरांत १२ वेळा घडते आणि एकच मिळणे २७ वेळा. म्हणजे शंभरांत ३९ वेळा आपण ‘अजून काळजी नाही’ असे सांगून परत येतो. उलट, खरा प्रादुर्भाव पाचच टक्के असतानाही शंभरांत २६ वेळा दोन किंवा अधिक किडकी बोंडे हाती लागतात आणि शेतकरी वेळेआधी फवारणी करतो. खरा प्रादुर्भाव वीस टक्क्यांवर गेला असला, तरी शंभरांत सात शेते वीस बोंडांच्या तपासणीतून निसटतात.

वीसऐवजी चाळीस बोंडे फोडली आणि चारची मर्यादा धरली, तर काय होते? पाच टक्क्यांच्या शेतात नाहक फवारणीचा निर्णय २६ ऐवजी १४ वेळा होतो आणि वीस टक्क्यांचे शेत सातऐवजी तीनच वेळा निसटते. दहा टक्क्यांच्या काठावरील शेताबाबत मात्र चूक होतच राहते. ती कोणत्याही मोजणीने पूर्ण टळत नाही. म्हणूनच एका दिवसाच्या मोजणीवर भिस्त न ठेवता दर आठवड्यास मोजणी करावी आणि कामगंध सापळ्यांची नोंदही शेजारी ठेवावी. एका सापळ्यात सलग तीन रात्री प्रत्येकी आठ पतंग आल्यास ती धोक्याची सूचना मानली जाते. दोन साक्षी जुळल्या म्हणजे निर्णय पक्का होतो.

वीस बोंडांत काहीच सापडले नाही, ह्याचा अर्थ ‘शेतात अळी नाही’ असा कधीही सांगू नये. चौदा टक्के प्रादुर्भाव असतानाही शंभरांत सुमारे पाच वेळा वीसही बोंडे निरोगी निघतात. ‘आज सापडली नाही, पुढील आठवड्यात पुन्हा पाहू’ हेच खरे वाक्य होय.

किडींचे पुंजके

एका झाडावर किती किडी आहेत अशी मोजणी असेल, तर दुसरे एक वितरण उपयोगी पडते. फ्रेंच गणिती प्वासाँ ह्याने ते १८३७ साली मांडले. किडी शेतभर कशाही विखुरल्या असतील आणि झाडागणिक सरासरी दोन असेल, तर शंभर झाडांपैकी १४ झाडे रिकामी, २७ वर एक, २७ वर दोन, १८ वर तीन, ९ वर चार आणि ५ वर पाच किंवा अधिक किडी असे साधारण चित्र दिसले पाहिजे.

प्रत्यक्षात ७० झाडे रिकामी आणि उरलेल्या ३० झाडांवर सहा-सात किडी आढळल्या, तर सरासरी तीच असली तरी चित्र निराळे आहे. कीड पुंजक्यांनी वसली आहे. मावा असाच वसतो. कपाशीवरील पिठ्या ढेकूण पुष्कळदा बांधाच्या तणांवरून कडेच्या झाडांवर येतो. अशा वेळी सबंध शेतावर औषध मारण्यापूर्वी पुंजके कोठे आहेत ते शोधावे, तेवढ्याच झाडांचा बंदोबस्त करावा आणि कडेचे तण काढावे. सरासरीने ही सूचना कधीच दिली नसती. तसेच, जेथे पुंजके आहेत तेथे बांधालगतची पाच झाडे पाहून संपूर्ण शेताविषयी बोलणे हे कसे धोक्याचे, तेही ह्यावरून कळेल.

काही आक्षेप

‘शेतकऱ्यास हे गणित कशाला?’ असे विचारले जाईल. माझे उत्तर असे की, शेतकऱ्यास सूत्रे नकोत. त्यास आपल्या तोंडून खरे वाक्य हवे. ‘उगवण साठ टक्के आहे’ असे न म्हणता ‘उगवण पंचावन्न ते पासष्ट टक्क्यांच्या दरम्यान आहे, त्या मानाने बियाणे घ्या’ असे म्हणण्यास कोणत्याही सूत्राची गरज नाही. शेतकरी जन्मभर अनिश्चिततेशीच व्यवहार करीत आला आहे. ‘नक्की असेच होईल’ असे सांगणाऱ्यावर तो मनातून विश्वास ठेवीत नाही. ‘बहुधा असे होईल, आणि एवढा फरक पडू शकेल’ असे सांगणाऱ्यावर ठेवतो.

‘कार्यकर्त्यांस एवढा वेळ कोठे आहे?’ हा दुसरा आक्षेप. तो मी हलका मानीत नाही. एकेका कार्यकर्त्याकडे अनेक गावे असतात आणि कागदपत्रांचा भार वेगळाच. परंतु दहा दाण्यांच्या परीक्षेनंतर मला त्या दोन भावांच्या घरी चार खेपा घालाव्या लागल्या. चुकीच्या मोजणीने वाचलेला वेळ पुढे व्याजासह द्यावा लागतो.

‘हे शास्त्र परके आहे’ असेही कोणी म्हणेल. तेही खरे नाही. सातारा जिल्ह्यातील बुध गावी जन्मलेले डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे ह्यांनी यदृच्छ नमुने घेऊन पिकांच्या कापणीवरून उत्पन्नाचा अंदाज बांधण्याच्या पद्धतीस आपल्या देशात मोठी चालना दिली. त्यांनी आणि डॉ. विनायक गोविंद पानसे ह्यांनी मिळून खास शेतकी कार्यकर्त्यांसाठी संख्याशास्त्राच्या पद्धतींवर इंग्रजीत पुस्तक लिहिले. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने ते १९५४ साली प्रसिद्ध केले. कार्यकर्त्यास हे शास्त्र आले पाहिजे, असे त्या थोर मंडळींस तेव्हाच वाटले होते. ते ज्ञान संशोधन केंद्राच्या कुंपणात राहिले व गावच्या पारापर्यंत आले नाही, हा दोष आपला आहे.

काय करावे

ह्या संबंधात माझ्या सूचना अशा :

१. उगवणीची परीक्षा शंभर-शंभर दाण्यांच्या चार गोणपाटांवर करावी. दाणे निरनिराळ्या पोत्यांच्या वरून, मधून व तळातून घ्यावेत. चांगले-चांगले वेचून घेऊ नयेत. दहा-दहाच्या ओळी मांडून गोणपाट गुंडाळावे, सावलीत ठेवावे व ओल राखावी. आठव्या दिवशी केवळ सुदृढ रोपे मोजावीत.

२. चारही गोणपाटांचे आकडे निरनिराळे लिहावेत. एका गोणपाटावर ८५ व दुसऱ्यावर ५५ आले, तर सरासरी काढून मोकळे होऊ नये. एवढा फरक केवळ योगायोगाने सहसा पडत नाही. पोती निराळ्या राशींची आहेत काय, किंवा एखादे गोणपाट सुकले काय, हे पाहावे.

३. शेतकऱ्यास एक आकडा न सांगता ‘एवढ्यापासून एवढ्यापर्यंत’ असे सांगावे. चारशे दाण्यांवर टक्केवारीच्या दोन्ही बाजूंस पाच टक्के धरले तर पुरे. शंभर दाण्यांवर दहा टक्के धरावेत.

४. उगवण न झाल्याच्या पंचनाम्यात, टोकण असेल तेथे, रिकाम्या, एका रोपाच्या व दोन रोपांच्या जागा निरनिराळ्या मोजाव्यात. पाभरीची पेरणी असेल तेथे एकेक मीटर लांबीच्या तुकड्यांतील रोपे मोजून प्रत्येक तुकड्याचा आकडा लिहावा. नमुन्यात त्यासाठी रकाना नसेल तर कागदाच्या मागे लिहावे. हा रकाना छापील नमुन्यातच असावा, अशी माझी वरिष्ठांस विनंती आहे.

५. कृषी सहाय्यकांच्या प्रशिक्षणात संभाव्यतेचा एक तास ठेवावा. त्यात नाणी व फासे आणू नयेत. एक पायली सोयाबीन व एक गोणपाट आणावे. प्रत्येकाने त्याच राशीतून दहा दाणे घेऊन लावावेत आणि आठवड्याने सर्वांचे आकडे फळ्यावर मांडावेत. एकाच राशीचे पाच, सहा, सात, आठ, नऊ असे आकडे शेजारी-शेजारी पाहिल्यावर जे समजते, ते दहा व्याख्यानांनी समजत नाही.

म्हण खोटी नाही. शितावरून भाताची परीक्षा करावीच लागते. सगळा भात चिवडून पाहता येत नाही आणि सगळे बियाणे गोणपाटावर लावता येत नाही. फक्त शिते पुरेशी घ्यावीत, पातेल्याच्या सर्व भागांतून घ्यावीत, आणि शितांनी जेवढे सांगितले तेवढेच आपण सांगावे. येत्या खरिपापूर्वी ज्या गावात चार गोणपाटे ओली होतील, त्या गावात निदान बियाण्यावरून भाऊ भावाकडे संशयाने पाहणार नाही.